चोरून पाजलेलं पाणी

आई, तुझ्याइतका हट्टी चांगुलपणा मी श्रीवर्धनात दुसरा पाहिला नाही. आपण ख्रिस्ती, आपल्या हातचं पाणी गावात कोणी घेत नसे. तर तू रस्त्याकडेला शहाळी रचून ठेवायचीस, शेजारी कोयता. अख्ख्या शहाळ्याला विटाळ नाही, ज्याला तहान लागेल त्यानं आपल्या हातानं फोडून प्यावं. बाबा म्हणायचे, "वाडी विकून पाज लोकांना!" तू म्हणायचीस, "पाजीन." आपल्याला शिव्या घालणाराही थांबून पिऊन जायचा, आणि वर तू त्याला विचारायचीस, गोड व्हतं का? माझं डोकंच फिरायचं.

ती चैत्रातली दुपार. मी तेरा वर्षांची, घरात एकटी, आणि शहाळी नेमकी संपलेली. परगावाहून नातलगांकडे आलेली एक म्हातारी सोवळी विधवा आपल्या दारासमोर भोवळ येऊन बसते. ओठ पार सुकलेत. "पाणी दे गं बाळ... घर कुणाचं हे?" मी बेधडक सांगते, "ब्राह्मणाचंच, आजी." मी दिलेलं आपल्या घरच्या तांब्यातलं पाणी ती घटाघटा पिते, "सुखी राहा हो पोरी," म्हणते आणि सावकाश उठून जाते.

संध्याकाळी तू कालवणासाठी नारळ खवत होतीस, तेव्हा मी हे फुशारकीनं सांगितलं. तुझा हात थांबला.

"खोटं बोलून पाजलंस?"

"मेली असती ती!"

"मंग शेजारच्या भटीणकाकूंना हाक मारायची व्हती. धा पावलांवर ऱ्हातात. चांगलं काम तुझ्याच हातून व्हाया पायजे, ह्यो कसला माज? तहान तिची, तसा धरमबी तिचाच. उद्या जा, खरं काय ते सांग नि माफी माग."

दुसऱ्या दिवशी मी गेले आणि परत आले. तू विचारलंस, काय म्हनाली? मी म्हटलं, "लेकरू आहेस, माफ केलं म्हणाली." तुझे डोळे भरून आले. पुढं बायकांच्या प्रार्थनेत तू ही गोष्ट किती वेळा सांगितलीस! परक्या धर्माची असून मन केवढं मोठं बघा, म्हणायचीस आणि तिच्यासाठी प्रार्थना करायचीस.

आता मी मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे. कुणालाही औषध पाजायच्या आधी विचारते, माझ्या हातचं चालेल का? नसेल चालत तर त्याच्या माणसाला बोलावते. आपण प्रभूची माणसं, दया सगळ्यांवर करायची, पण ज्याच्यावर करायची त्याला विचारून. हाताखालच्या पोरींना मी हेच शिकवते. वैतागतात बिचाऱ्या. वैतागू देत! यात माझं तसूभर चुकत नाही, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

पण आई, तू असतीस तर पुढचं लिहायची माझी छाती झाली नसती. म्हातारीला प्रायश्चित्ताचा ताप नको म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. तिनं दिलेला आशीर्वाद मला गमवायचा नव्हता, बस्स. मी तिच्याकडे गेलेच नाही. समुद्रावर जाऊन वाळूत बसले आणि घरी येता येता तिचं उत्तर जुळवलं. ज्या मोठ्या मनाच्या बाईसाठी तू मरेपर्यंत प्रार्थना केलीस, तिला माफ करायला मी काही सांगितलंच नव्हतं.