टावरच्या टप्प्यात

१० नोव्हेंबर

पोचली एकदाची भिलाईला! तुमसरहून सकाळची गाडी पकडली, दुर्गला उतरली आणि तिथून ऑटोनं सेक्टर ६. रस्ते केवढे रुंद, दोन्ही बाजूंनी झाडं, आणि सायकलींवरून आरामात चाललेली माणसं. मला तर पहिल्याच दिवशी गाव आवडलं.

सिंधुमावशी दारातच उभी होती. ती आईची मावसबहीण. तिचे यजमान शालिकराम काकाजी इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले, पण क्वार्टर त्यांनी लीजवर ठेवलं. दोघंच राहतात. मावशीनं जेवायला फरा केला होता. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, इकडचा पदार्थ, पण फोडणी आपल्या भंडाऱ्याकडची. आग्रह करकरून वाढला. मागची खोली माझ्यासाठी झाडून-पुसून ठेवली आहे. खिडकीत तुळस, पलंगावर नवी चादर. उद्यापासून मार्केटमधल्या चष्म्याच्या दुकानात नोकरी, पायी जाण्यासारखं.

बैठकीत हेमराजदादाचा फोटो आहे, हार घातलेला. मावशीचा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. मी फोटोला हात जोडले तेव्हा मावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

यांच्याकडे ना डिश आहे ना केबल. छतावर पाइपला ॲन्टेना बांधला आहे, त्याची वायर खिडकीतून आत येते. काकाजींना त्याचा फार अभिमान. रायपूरच्या टावरवरून डिजिटल सिग्नल फुकट येतो म्हणे, फक्त ॲन्टेनाचं तोंड बरोबर तिकडं पाहिजे. ते म्हणाले, "जुन्या टीव्हीत मुंग्या दिसत जात. यात मुंग्या नाही. येते तं पूर्ण येते, नाही तं येतच नाही. राजनांदगावच्या पुढं तं बिलकुल खतम."

१४ नोव्हेंबर

आज मजाच झाली. काकाजींच्या बातम्यांची वेळ आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन राहिले होते. निवेदिकेचं नाक गालावर. काकाजी रिमोट आपटून वैतागले. मी खिडकीच्या गजावर वाळत घातलेला टॉवेल काढायला गेली, तर चित्र एकदम स्वच्छ!

"हालू नको बेटा! तिथंच राय!" काकाजी ओरडले.

मी टॉवेल घेऊन तशीच पुतळ्यासारखी उभी. बातम्या संपेपर्यंत. मावशी हसून हसून बेजार झाली, चहाही तिथंच आणून दिला. टीव्ही खिडकीला लागून आहे, म्हणजे मी टीव्हीच्या बाजूला. मला पडदा दिसतच नाही, फक्त सोफ्यावरचे ते दोघं दिसतात.

१९ नोव्हेंबर

आता हे रोजचंच झालं. दुकानातून आली, हातपाय धुतले की खिडकीपाशी ड्यूटी. काकाजींनी स्वतः उभं राहून पाहिलं, मावशीला उभं केलं, स्टीलची बादली ठेवली, शेजारच्या तुळसाबाईंनाही बोलावून पाहिलं. कोणाच्यानंच होत नाही. माझ्याचनं होते. खुर्ची टाकून बसली तरी चित्र जाते, उभंच राहावं लागते.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, चला, कुठं तरी तू सरळ उभी राहते म्हणायची. माणसं इतकी प्रेमानं वागतात की नाही म्हणवत नाही. मावशी रात्री पायाला तेल लावून देते.

२७ नोव्हेंबर

काकाजींनी आज टीव्हीखालच्या सेट-टॉप डब्यावर चॅनल नव्यानं शोधले. एक जास्तीचं सापडलं, त्याला नाव नाही.

मी नेहमीसारखी खिडकीपाशी. ते चॅनल लागल्यावर आवाज काही नव्हता, थाळीत चमचा लागल्यासारखं अधूनमधून काही तरी. पण त्या दोघांचे चेहरे! मावशीनं पदर तोंडाशी धरला. काकाजी उठून उभे राहिले आणि परत बसले. दोघंही रडत होते आणि हसत होते. मी काय आहे म्हणून विचारलं, तर मावशीनं फक्त हात वर केला. थांब, हालू नको.

समोरच्या शोकेसच्या काचेत पडद्याचं प्रतिबिंब पडते. त्यात दिसलं. एक मुलगा पाटावर बसून जेवत होता. मान खाली घातलेली. कपाळावरचे केस मागे सारायची त्याची पद्धत मला ओळखीची वाटली, आणि मग माझी नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

२८ नोव्हेंबर

रात्रभर झोप नाही. सकाळी काकाजींना बाहेर अंगणात गाठून विचारलं. ते पेरूच्या झाडाला पाणी घालत होते. मग म्हणाले, "आमच्या म्हातारपणी देवानं तेवढं दिलं, दीपाली. तू नाही म्हणू नको."

मी भीतीनं नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहून मान हलवली. थोडा वेळ उभं राहिल्यानं कोणाला पोराचं तोंड दिसत असेल तर माझं काय जाते, असं मनात आलं.

३ डिसेंबर

दुकानाचे मालक सुशील भैया आज रागावले. एक बाई फ्रेम हातात घेऊन माझ्यापुढे उभी होती आणि मी तिच्याकडे पाहून राहिली, बोलली नाही, हालली नाही. "हँग हो गई थी क्या?" असं त्यांनी सगळ्यांपुढं विचारलं. मला तर वाटलं मी लगेच उत्तर दिलं.

घरी दूध उतू गेलं. मी गॅसपाशीच उभी होती म्हणते मावशी, हातात चमचा घेऊन.

हेमराजदादा आता रोज येतो. आता तो बोलतो पण. काल काचेत दिसलं, तो पाटावरून उठला आणि इकडे, पडद्याच्या जवळ आला.

६ डिसेंबर

आज मी ठरवून खिडकीपासून दूर झाली. पाय दुखतात म्हणाली. त्याच क्षणी चित्र फुटलं आणि टीव्हीतून जो आवाज आला तो— माणूस पाण्यात बुडताना ओरडतो तसा, तुकड्या-तुकड्यात. मावशी धावली, तिनं माझे दोन्ही दंड धरून मला जागेवर उभं केलं. तिच्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. दंडावर वळ उठले आहेत.

नंतर तिनंच हळद लावली. रडली. म्हणाली, "तू तं लग्न करून दुसऱ्याच्या घरी जाशीन. तुह्या मायजवळ आणखी दोन पोरी हायेत. मले कोण आहे?"

उद्या निघायचं. आईला फोन केला, पण ती सारखी म्हणत राहिली, आवाज कटून राहिला, दीपाली, कटून राहिला.

७ डिसेंबर

जसं झालं तसं लिहिते.

काकाजींनीच मदत केली. मावशी मंदिरात गेली तेव्हा त्यांनी ऑटो बोलावला, बॅग स्वतः ठेवली. म्हणाले, जा बेटा, मागं पाहू नको. मी त्यांच्या पाया पडली.

दुर्गला गाडी मिळाली. खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की समोरच्या बाईंशी गप्पा मारायला लागली. त्या नागपूरला चालल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. राजनांदगाव जवळ आलं तशा त्या सारख्या कानाशी हात नेऊन विचारायला लागल्या, क्या बोली? क्या बोली? मग त्यांनी माझ्याकडे पाहणंच सोडलं.

स्टेशन गेलं. गाडीनं वेग घेतला. मी पाण्याची बाटली उचलायला हात पुढे केला आणि माझ्या हाताचे चौकोन झाले. बोटं एकीकडे, मनगट एकीकडे. दुखलं नाही. मधल्या जागेतून सीटचा निळा रंग दिसत होता. मी ओरडली. कोणी पाहिलं नाही. एक माणूस आला आणि माझ्या जागेवर, माझ्या मांडीवर बसला—

नंतरचं आठवत नाही. डोंगरगडच्या प्लॅटफॉर्मवर होती, की नव्हती, माहीत नाही. दुर्गकडे जाणारी गाडी समोर होती, तिच्यात कशी चढली तेही नाही. गाडी मागे फिरली, राजनांदगाव ओलांडलं आणि बोटं एक-एक करून परत आली. टीसीनं मला तिकीट विचारलं तेव्हा मी आनंदानं रडली. त्याला मी दिसली होती.

कुठं जाणार होती? घरी आली.

काकाजींनी दार उघडलं आणि मला पाहून भिंतीला टेकून खाली बसले.

८ डिसेंबर

पूर्वेला जाऊन पाहावं असं मनात आलं, रायपूरच्या पलीकडे. काकाजी म्हणाले, टावरच्या चहूबाजूंनी तेवढंच अंतर असेल. गोल आहे बेटा. त्या गोलाच्या आत तू आहेस.

तुळसाबाईंच्या दारात गेली, सगळं सांगितलं. त्या सुपात तांदूळ पाखडत राहिल्या. शेवटी वर पाहून आपल्या सुनेला विचारलं, कोणी आलं होतं का गं?

१० डिसेंबर

आज दुपारी छतावर चढली. ॲन्टेना उखडून फेकायचा होता. पाइपला हात घातला, थोडा फिरवला आणि माझा खांदा गेला. परत सरळ केला तर आला. पुन्हा फिरवला, तर पाय. म्हणजे आता तो फक्त हेमराजदादाला नाही धरून राहिला, मलाही—

खाली अंगणात मावशी उभी होती. तिनं वर पाहून शांतपणे सांगितलं, "उतर आता. तुह्याच जिवाचं बरंवाईट होईन."

उतरली.

१२ डिसेंबर

दुकानात गेली नाही. दुकानातून कोणी विचारायलाही आलं नाही.

खिडकीपासून पाय निघत नाहीत. मावशी जेवायला इथंच देते, भरवते. मऊ भात, वरण. आईसारखं भरवते. मी तिला म्हणाली, मावशी, मला भीती वाटते. ती म्हणाली, मलाही वाटते बाई. आणि घास पुढे केला.

१४ डिसेंबर

सकाळी बैठकीत ओल्या पायाचे ठसे. मोठे. पुरुषाचे.

फोटोचा हार काढून ठेवला आहे.

१५ डिसेंबर

काकाजी माझ्याकडे पाहत नाहीत. मी हाक मारली. काकाजी. काकाजी. त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे ऐकू येते. ऐकू येते त्यांना—

वही गजाला टेकवून लिहून राहिली. मागे ऊन नाही. खिडकीतून रस्ता दिसायचा, पेरूचं झाड दिसायचं. आता मागे काही नाही. पाट आहे एक. थाळी आहे.

संध्याकाळ असावी

आतापर्यंत मी त्यांना बाजूनं पाहत होती. आज ते दोघं सरळ माझ्यासमोर आहेत. सरळ. सोफ्यावर. माझ्याकडेच पाहून राहिले आणि त्यांचे चेहरे निळे—

दोघांच्या मधोमध तो बसला आहे. केस मागे सारतो. मावशीचा हात त्याच्या गुडघ्यावर. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, विचारलं, आई, ही कोण?

मावशी म्हणाली, कोणी नाही रे.

मी ओरडली. मावशी, मी दीपाली. जोरात ओरडली, काचेवर मुठी मारल्या— काच आहे, मधे काच आहे— काकाजी, बंद नका करू, फिरवू नका, मी इथं—

हेमराजनं कानावर हात ठेवले. मावशीनं रिमोट उचलला आणि आवा