पांढरा दोरा, लाल दोरा

प्रिय सरकारांस,
सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम असून काम ठरल्याप्रमाणे चालू आहे. झोप लागत नाही, पण त्याला उशी जबाबदार आहे. तू दुपारी पडतेस ना?

तुला हवा असलेला सावरडो, म्हणजे विरजणासारखे आंबवण घालून केलेला पाव, अखेर सापडला. मोठ्या दुकानांत नाव तेच आणि चव पुठ्ठ्याची. हा कार्यालयामागच्या गल्लीत मिळाला. मी एकेका पावाचा वास घेऊ लागलो, तेव्हा बेकरीवाली म्हणाली, "साहेब, पाव घेताय की स्थळ बघताय?"

दुखण्यातून तू उठलीस, परंतु जिभेची चव परतली की नाही, हे मला कळत नाही. परवा फोनवर तू म्हणालीस, "आता सगळ्याची चव लागते." मागून सूनबाई म्हणाली, "बाबा, काल चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. आईंनी कप संपवला." तेव्हापासून माझे कामात चित्त नाही.

म्हणून उद्या परतणाऱ्या सहकाऱ्याबरोबर पावाचे दोन तुकडे पाठवत आहे. एकाला पांढरा दोरा आहे, दुसऱ्याला लाल. दिसायला दोन्ही सारखे, पण आंबट एकच, दुसरा साध्या पावाचा. कोणता, हे त्यालाही सांगितलेले नाही. हसू नकोस. माझ्या समाधानासाठी खोटे बोलण्यात तुझा हात कोण धरणार?

फोनवर फक्त रंग सांग. ओळखता आला नाही, तर तेही सांग. मग उरलेले काम दुसऱ्यावर सोपवून, अख्खा पाव घेऊन मी लगेच निघेन.

कळावे. लोभ आहेच, चव असावी.

तुझाच,
शंकेखोर