रोह्यात चिंबोरी उलटी चालली

माहीम, मुंबई
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास मनस्वीचा सा. न. वि. वि.

फोनवर माणूस भांडतो आणि कागदावर विचार करतो, हे तुझं मत मी खोलीतल्या मुलींना सांगितलं. त्यांना तू शंभर वर्षांची वाटलीस. तरीही तुझ्या हट्टापायी कागद घेऊन बसले आहे.

बातमी मोठी आहे. आमचा ऑर्केस्ट्रा ८ फेब्रुवारीला रोह्याला येतोय. बाबांना आधीच सांग, हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा नव्हे. आम्ही साठ वादक, युरोपातलं दोनशे वर्षांपूर्वीचं शास्त्रीय संगीत वाजवणारे. पण या वेळी गंमत अशी की पडद्यावर ॲनिमेशनचा सिनेमा चालू असणार आणि त्याचं सगळं संगीत आम्ही खाली बसून तिथल्या तिथे वाजवणार. सिनेमात एक शब्दही बोललेला नाही. एक चिंबोरी, एवढीशी खेकडी, भरतीच्या पाण्याबरोबर मिठागरात येते आणि तिला खाडीकडे परत जायची वाट सापडत नाही, एवढीच गोष्ट. एका संस्थेने हा खेळ लहान गावांतून मोफत करायचं ठरवलंय, आणि गावांच्या यादीत रोहा दिसल्यावर मी बसल्या जागी उडाले.

आता तुझ्याकडे मागणं. आईला घेऊन ये. तुला ठाऊक आहे, माझ्या व्हायोलावर, त्या थोरल्या व्हायोलिनवर, तिचा राग नाही, विश्वास नाही. मागच्या गणपतीत ती म्हणाली, की साठ जणांत बसून सगळे एकच घासता, उद्या तू नाय गेलीस तर कोणाला कळंल? त्याचं उत्तर या सिनेमात आहे. चिंबोरी मिठाच्या ढिगावर एकटी बसते, तेव्हा बाकी सगळे थांबतात आणि फक्त मी वाजवते. तेवढं तिने एकदा ऐकावं. मग जे म्हणायचं ते म्हणू दे.

बाबांना नमस्कार. तुझं प्रेम आहे ते ठाऊक आहे, या खेपेस त्याबरोबर थोडं धाडसही पाठव.

तुझी,
मनस्वी


रामवाडी, पेण
२६ नोव्हेंबर २०२४

चि. मनस्वीस अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि तडक तुझ्या घरी गेले. मला सभेला उशीर झालेला चालतो, असल्या कामाला चालत नाही.

वहिनी गणपतीच्या कारखान्यात होती. आखणीला बसली होती, म्हणजे मूर्तीचे डोळे काढत होती. मी उभ्यानेच सुरुवात केली. म्हटलं, हे संगीत साहेबाचं आणि ते आपलं, ही वाटणी कोणी केली? ज्याला कान आहेत त्याचं संगीत. राजवाड्यात वाजत होतं ते आज रोह्यात मिठागरवाल्यांपुढे वाजणार, यासाठी माणसं शतकभर झगडलीत, आणि आपण घरात बसून राहायचं? कारखान्यातल्या पोरांनी ब्रश खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. वहिनीने डोळा पूर्ण केला, ब्रश पुसला आणि विचारलं, की चहा घेणार का गो?

म्हणजे नाही.

नंतर चहा पिताना बोलली. म्हणाली, पोरीच्या हातात ते लाकूड तूच दिलंस, तुझी हौस भागली, आता मला कशाला ओढतेस? लागलं मला. पण मी खोटं सांगणार नाही, मला त्याचा पश्चात्ताप नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जावर मी सही घेतली नसती तर तू आज कुठल्यातरी कचेरीत मुकाट बसली असतीस, आणि आपल्या घराण्यात मुकाट बसणारं एक माणूस पुरे आहे.

तुझा बाप, काळुरामदादा, मात्र येणार म्हणतो. त्याची एकच शंका आहे. तुमच्यात कंडक्टर असतो असं मी सांगितलं, तर विचारतो, मग ड्रायव्हर कोण?

सिनेमाबद्दल आणखी लिही. मला मुद्दे हवेत. माझी माया तुझ्यावर आहेच. तू नुसती सराव कर.

तुझी,
वैशाली आत्या


माहीम
१५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांना सांग, ड्रायव्हर तो सिनेमाच आहे, आणि हे मी चेष्टेत लिहीत नाही. आमच्या कंडक्टर फुर्तादो सरांसमोर एक छोटा पडदा असतो, कानात ठोके पडत असतात. त्यांचा हात जरा मागे पडला तर चिंबोरी आधी पाण्यात पडते आणि ढोल नंतर वाजतो. सिनेमा कोणासाठी थांबत नाही. म्हणून लोकांना तू आधी समजावून ठेव: मध्येच टाळ्या नकोत, आणि देवाशपथ, वन्स मोअर नको. नाटकात नट परत गातो. इथे परत काहीच होत नाही. एकदा ताल चुकला की साठ माणसं पडतात, आणि माझं तर हे या ऑर्केस्ट्रातलं पहिलंच एकटीचं वाजवणं आहे.

मुद्दे हवेत म्हणतेस, तर सिनेमा सगळा मातीचा आहे. चिंबोरी, मिठागर, बगळे, सगळं हाताने केलेलं. चिंबोरीचा एक पाय केसाएवढा हलवायचा, फोटो काढायचा, परत हलवायचा. चार माणसं तीन वर्षं हेच करत होती. पाहताना ते विसरायलाच होतं. सर म्हणतात, की लोक आपल्यालाही विसरले तर आपण चांगलं वाजवलं. मला ते पटतं, पण आईच्या बाबतीत नको.

इथे थंडी नावालाच आहे. तुझा घसा सांभाळ, तो सार्वजनिक मालमत्ता आहे. ओढ आहे तशीच असू दे.

तुझी,
मनस्वी


रामवाडी, पेण
२० जानेवारी २०२५

चि. मनस्वीस अ. उ. आ.

जिंकले.

आणि कशाने जिंकले ते ऐकून मला स्वतःचीच लाज वाटते. माझी तीन भाषणं गेली पाण्यात. परवा सहज बोलून गेले, की सिनेमा मातीचा आहे. वहिनीचा हात थांबला. विचारते, कसली माती? शाडू? मी म्हटलं, मला काय ठाऊक. मग तिने माझी उलटतपासणीच घेतली. तीन वर्षं मूर्ती हलवत बसले तर माती तडकली कशी नाय? पाय वाकवला की सांध्यात भेग पडतेच. आत तार घातली असंल. का तेलात मळली? आणि फोटोत बोटांचे ठसे दिसत नायत? मी म्हटलं, ते तिथे येऊनच बघ. ती म्हणाली, येते.

बघ, मी आयुष्यभर माणसांना विचारांनी हलवायला निघालेली, आणि मातीने एका मिनिटात काम केलं. तरी विजय तो विजय. कोणत्या वाटेने का होईना, ती खुर्चीत बसणार आणि तू वाजवणार.

गडबच्या भजनी मंडळाच्या बायकाही येतायत. सगुणा त्यांची म्होरकी. मी त्यांच्याकडून शांत बसायची तालीम करून घेतली. तुझ्या घरी समईपुढे सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, की आता कोणी बोलायचं नाही. सगुणाने विचारलं, किती वेळ? दुसरीने तिला गप्प बस म्हटलं, तिसरीने दुसरीला, आणि तालीम संपली. पण मी दम भरलाय. जी वन्स मोअर म्हणेल तिला एसटीत जागा मिळणार नाही. वहिनी कोपऱ्यात वाटाणे सोलत होती. तिला दम द्यायची गरजच काय, तिचा आवाज तिच्या शेजारणीने तरी कधी ऐकलाय?

निर्धास्त राहा. जीव लावून वाजव, मी तिथे जीव मुठीत धरून बसेन.

तुझी,
वैशाली आत्या


रामवाडी, पेण
९ फेब्रुवारी २०२५

चि. मनस्वीस अ. उ. आ.

तुमची बस खेळ संपल्या संपल्या रत्नागिरीला निघाली. आईच्या गळ्यात पडलीस आणि पळालीस. तू वाजवण्यात गुंतली होतीस तेव्हा सभागृहात काय घडलं, ते तुला मीच सांगायला हवं.

सुरुवातीलाच मला गहिवरून आलं. रंगमंचावर साठ माणसं मावेनात म्हणून पुढच्या रांगा काढून तुम्हाला खाली आणलं होतं, त्यामुळे गडबच्या बायका आणि तुमचे ते मोठे ढोल यांच्यात जेमतेम हातभर अंतर. पहिला ढोल वाजला तशी सगुणा दचकून माझ्या मांडीवर आली. पण तोंडातून शब्द नाही. मला अभिमान वाटला. मिठागरवाले, नदीकाठच्या वाडीतली माणसं, कंपनीतून शिफ्ट संपवून आलेली पोरं, सगळे एका दमात ऐकत होते. आमच्या लोकांना हे समजणार नाही असं म्हणणाऱ्यांना मला त्या सभागृहात आणून उभं करायचं होतं.

मग चिंबोरी मिठाच्या ढिगावर चढली. सगळे थांबले आणि तू सुरू केलंस. मनस्वी, मी पुष्कळ वाचलंय, पुष्कळ बोललेय, पण त्या आवाजाबद्दल मला काही बोलता येत नाही. तू संपवलंस, बाकीचे हळूहळू तुझ्यात मिसळले, आणि माझ्या शेजारी खुर्ची वाजली.

वहिनी उभी. खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी म्हणाली, थांबा, परत लावा.

मी पदर ओढला. ती बसेना. सगुणाला तेवढंच पुरलं. इतका वेळ कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं, वन्स मोअर, वन्स मोअर, आणि गडबच्या मागोमाग अख्खा रोहा. तुमच्या सरांनी दोन-तीन वेळा हात फिरवून पाहिला आणि मग खाली सोडला. तुम्ही थांबलात, पण सिनेमा थांबला नाही. चिंबोरी आवाजाशिवाय चालतच राहिली. मग यंत्रावरच्या पोराने कळ दाबली, ती एक पाय वर धरून गोठली, आणि मग उलटी चालत, मागे मागे, परत ढिगावर चढून बसली. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. काळुरामदादा म्हणाला, की ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला.

सर वळले. कोणी सांगितलं, म्हणून त्यांच्या गोव्याकडच्या मराठीत विचारलं. संस्थेपुढे लोकांची हमी मी दिलेली. मी मनात माफीचं भाषण जुळवत होते, तेवढ्यात वहिनीने शाळेतल्यासारखा हात वर केला. सरांनी तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, की बाई म्हणतात तर परत.

नियम मोडला, आणि मोडला ते उत्तम झालं. साठ माणसं आणि एक यंत्र एका बाईच्या शब्दावर मागे आले. हे मी पुढच्या प्रत्येक सभेत सांगणार आहे.   

आज तुला नेहमीपेक्षा जास्त आशीर्वाद.

तुझी,
वैशाली आत्या


रत्नागिरी
१० फेब्रुवारी २०२५

ती. आईस मनस्वीचा शि. सा. न.

तुला आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितेय. आत्याकडून वाचून घेऊ नकोस असं म्हणणार होते, पण ती ऐकणार नाही.

तुझा आवाज मी वर न बघताच ओळखला आणि वाजवायचा गज हातातून सुटायची वेळ आली. वाटलं, संपलं, माझी जागा गेली. सर बसमध्ये चढेपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, की व्हायोला परत वाजवा असं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. लोकांना व्हायोला कोणता तेच ठाऊक नसतं. पुढच्या सगळ्या खेळांत तो भाग माझ्याकडेच राहणार आहे. पण आई, मला त्याहून मोठं काहीतरी मिळालंय. तू कधी बरं म्हटलं नाहीस, वाईटही म्हटलं नाहीस. म्हटलंस ते अख्ख्या रोह्यादेखत. मी दुसऱ्यांदा जे वाजवलं ते फक्त तुझ्यासाठी होतं.

बाबांना नमस्कार. माझ्यावर आहे ती माया अशीच मोठ्याने असू दे.

तुझी,
मनस्वी


पेण
१७ फेब्रुवारी २०२५

मनस्वीस आईचा आशीर्वाद.

तुझं पत्र वैशालीनं दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा तीच रडली. उत्तर मी लिहिते म्हणत होती. मी नको म्हटलं. ती लिहायला बसली की त्याचं भाषण होतंय. मी सातवी शिकलेली हाय, मला लिहिता येतंय.

तू खूश हायेस म्हणून गप्प बसणार होते. पण पोरीशी खोटं कशाला. मी परत लावा म्हटलं ते तू छान वाजवलंस म्हणून नाय. मला कळलंच नाय तू वाजवलंस कधी.

वैशालीनं सांगितलं होतं, चिंबोरी ढिगावर बसली की मनस्वीकडं बघ. मी तयारीत होते. पण चिंबोरी ढिगावर चढली आणि तिनं डोळे वर केले. बाय गो, काय डोळे केलेत ते. मी इतकी वर्षं डोळे काढते, पण माझे एकदा काढले की तसेच राहतात. तिचे भरून आले. मातीचे डोळे कसे भरतील, पाणी लावलंय का तेल, ते बघत राहिले. बघता बघता मलाच रडू आलं. मग बाकीची वाद्यं वाजायला लागली तेव्हा ध्यानात आलं, गेलं, माझ्या पोरीचं गेलं. एवढ्या लांब आले आणि ऐकलंच नाय. म्हणून उठले. नियमबियम काय आठवला नाय.

तुम्ही थांबलात तेव्हा मी पडद्याकडं बघितलं. चिंबोरी चालत होती, पण आवाज नव्हता, तर नुसती माती दिसत होती. तार घातलेली पण दिसली मला. डोळे कोरडे होते. तेव्हा कळलं ते डोळे कोण भरत होतं.

दुसऱ्या वेळेला मी वर बघितलंच नाय. तुझ्याकडं बघत होते. तू मान वाकडी करून डोळे मिटतेस ते मला ठाऊकच नव्हतं. माझी आई जात्यावर बसली की अशीच करायची. मग शेवटपर्यंत तुझ्याकडंच बघत राहिले, बाकीचे वाजवत होते तेव्हा पण.

तुझा बाप बरा हाय, मिठागरावर जातो. कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, आमची मनस्वी वाजवते. पुढचा खेळ जवळपास कुठं असला तर कळव, मी एकटी येईन, वैशालीला नको सांगू.

जेवत जा. आणि चिंबोरी खाडीत पोचली का नाय, तेवढं लिही.

तुझी आई,
इंदुबाई