धाकटीचं काम

प्रिय ताई,

रविवारी सकाळी माझा फोन बंद का असतो, असं तू परवा विचारलंस आणि मी "सांगते नंतर" म्हणून विषय टाळला. आता नीट बसून लिहितेय. आधी घोटभर पाणी पी, कारण पुढचं वाक्य वाचून तुला ठसका लागणार आहे. मी अभिनयाच्या वर्गाला जाते. हो, मीच. शाळेच्या संमेलनात नुसतं झाड म्हणून उभं राहायचं होतं, तरी भीतीने तापाने फणफणले होते, तीच.

ऑफिसातल्या मैत्रिणीने मला ओढून नेलं. दुसऱ्याच रविवारी तिचा उत्साह मावळला, आणि मी मात्र चिकटले. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, करकरणारी लाकडी जमीन आणि शिकवायला रंगभूमीवर उभी हयात घालवलेल्या एक बाई. आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. माझ्या जोडीला त्यांनी एक दातांचे डॉक्टर दिले. चांगला आडदांड माणूस. पेशंट आपल्याला बघूनच रडतात, म्हणून जरा गोड बोलायला शिकायला आलाय बिचारा.

पहिला धडा अगदी सोपा होता. डॉक्टर माझ्या खुर्चीत बसले होते, आणि त्यांना हात न लावता, नुसतं बोलून मी ती परत मिळवायची. मी म्हटलं, "माफ करा, तुम्हाला अडचण होणार नसेल तर..." डॉक्टर म्हणाले, "होईल की," आणि त्यांनी पाय लांब केले. वर्ग खो खो हसला, मीही हसले. मास्तरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "बाई, तुला खुर्ची हवीय ना? मग दात का काढतेस?" मी म्हटलं, सवय आहे. दिवसभर फोनवर लोकांच्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकते, हसल्याशिवाय आवाज मऊ येत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "नोकरी असेल काही वर्षांची, हे हसू त्याहून जुनं दिसतंय." घरी येऊन आरशासमोर रागाने बोलून पाहिलं. ताई, खरंच, रागावले तरी माझे ओठ हसतात. मला हे माहीतच नव्हतं गं.

मग महिन्याभराने तो प्रवेश आला. दोन भावंडं. थोरलीचा नवरा वारलाय, ती धाकट्याला आपल्या घरी राहायला बोलावतेय. खोली तयार आहे, पडदे लावलेत, तू फक्त ये. धाकट्याला एकच वाक्य: "मला यायचं नाही." मास्तरीणबाईंनी थोरलीचं काम मला दिलं आणि धाकट्याचं डॉक्टरांना. पडद्यांची ओळ मी दोनदा वाचली. भावोजी गेल्यानंतर तू माझ्यासाठी वरची खोली रंगवून घेतलीस, ते मी वर्गात कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी उभी राहिले आणि तूच झाले. बोलता बोलता तू पलंगावरची चादर तळव्याने सारखी करत राहतेस ना, तसा माझा हात टेबलावर फिरायला लागला. "तुला एकटीला जमायचं नाही," असं मी म्हणाले. "एकट्याला" म्हणायला हवं होतं, पण कुणी अडवलं नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मला यायचं नाही." माझं पुढचं वाक्य ठरलेलं होतं, रागाचं. ते आलंच नाही. तोंडातून निघालं, "मग मी काय करू?" आणि मी रडायला लागले. टाळ्या पडल्या, पण मला त्यात काही राम वाटला नाही. तू मला सांभाळतेस असं मी आजवर धरून चालले होते. तू घाबरतेस, हे त्या टेबलापाशी कळलं.

त्याहून अवघड गोष्ट पुढच्या रविवारी कळली. कामं उलटी केली, आता धाकटी मी. ते एक वाक्य मला बोलता येईना. कधी "बघू" म्हणायचे, कधी "तू म्हणशील तसं". मास्तरीणबाईंनी विचारलं, "धाकटीला यातून काय मिळतं?" मी सांगणार होते की काही नाही, बिचारी गरीब आहे. पण उत्तर दुसरंच होतं. तिला आराम मिळतो. नोकरी ताईने शोधली, आवडली नाही, ताईला बोल. तो मुलगा ताईला पसंत पडला नाही, लग्न राहिलं, ताईला बोल. निर्णय तुझे आणि कुरकुर माझी, असा आपला संसार छान चाललाय, नाही का? मी परत उभी राहिले. ओठ घट्ट मिटले, श्वास घेतला आणि बोलले. आवाज मोठा नव्हता. डॉक्टर थोरल्या भावाच्या भूमिकेत होते. त्यांचे डोळे भरून आले, तरी मी शब्द मागे घेतला नाही.

ताई, हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की माझं सामान न्यायला तू ठरवलेली गाडी मी आज सकाळी रद्द केली. घरमालकिणीला सांगितलं, मी इथेच राहणार आहे. आई गेली तेव्हा तू स्वतः परकर-पोलक्यातली पोर होतीस आणि माझी आई झालीस. त्या कामातून आता मोकळी हो. त्या खोलीत काय करायचं ते मला विचारू नकोस, तुला काय हवंय ते आठवून बघ. कुणी कधी विचारलंच नसेल तुला. रागावशील, रडशील, तो तुझा हक्क आहे. माझा निर्णय फिरायचा नाही. वर्ग संपला की रविवारी दुपारी मी येईन, खांद्याला एक पिशवी लावून. तुझ्याकडे जेवीन, तुझ्याशी भांडायचं असेल तर भांडेन, आणि संध्याकाळी माझ्या घरी परत जाईन.

तुझीच, आणि आता थोडी माझीही,
पिटुकली