हिन्याचा फाया

४ जाने.
ह्यांचं डोकं परवापासून ठणकतंय. "पित्त आहे. तू आणखी डोकं खाऊ नकोस." बरं बाई, राहिलं! कानात नेहमीप्रमाणे हिन्याचा फाया. लोकांना वाटतं, काय शौकीन माणूस. लहानपणापासून कान वाहतो, त्याचा वास झाकायला अत्तर, हे फक्त मला ठाऊक. डॉक्टरचं नाव काढलं की चिडतात.

६ जाने.
चहाच्या कपाला "चप्पल" म्हणाले. मला हसू आलं. आणि लगेच फिट. शेजारच्या पेंडशांनी खाली उतरवलं. रिक्षा, हॉस्पिटल, स्कॅन. मेंदूत गळू. कानातला पूच आत गेला म्हणे. सर्जनबाईंनी विचारलं, "फाया कधीपासून घालतात?" लग्नाआधीपासून. त्यांनी ते लिहून घेतलं. आजच ऑपरेशन.

७ जाने.
कवटीला भोक पाडून पू काढला. जिवंत आहेत. आयसीयूबाहेर एकेका पेशंटमागे माणसांची जत्रा, माझ्या शेजारी माझी पिशवी. मूलबाळ नाही ह्याचं इतकं कधी वाटलं नव्हतं. जाऊबाईंचा फोन, "धीर धर." धरलाय. दुसरं आहे काय धरायला?

१९ जाने.
शिरेतून औषधं चालू. सहा आठवडे तरी द्यावी लागतील. ताप उतरला, पण शब्द गेलेत. पाणी म्हणजे "ते ओलं". माझ्याकडे बघतात नुसते. हाक नाही.

२ फेब्रु.
कपडे न्यायला नारायण पेठेत घरी. एकटीसाठी कुकर कुठे लावा? कोरडे पोहेच खाल्ले. मुद्दाम सगळे दिवे लावले. "वीज फुकट आहे का?" असं ओरडायला कुणी नाही. ओरडा की हो एकदा.

२१ फेब्रु.
गळू विरत आलं. सर्जनबाई खूश. "जीव वाचला काकू, हे मोठं आहे. बोलणं काहींचं पुष्कळ सुधारतं, काहींचं नाही." मला ओळखतील का? "आत्ता नाही सांगता येणार." खरं बोलल्या, बरं वाटलं. मग जिन्यात रडले.

५ मार्च
घरी आणलं. मऊ भात भरवला. आणि बोलले! अख्खं वाक्य, एक शब्द न अडखळता. मला इतका आनंद झाला की अर्थ मागून कळला. हात जोडून म्हणाले, "अहो, आपण माझं फार केलंत. आता निघा. घरी आपली माणसं वाट बघत असतील."

"हो, निघते," म्हटलं. ताट घेऊन स्वयंपाकघरात आले, नळ सोडून उभी राहिले.

थोड्या वेळाने आतून, "बाई, गेलात का हो?"

"नाही. आहे अजून."