नववा फर्मा

४ मार्च, मंगळवार

आज भर दुकानात फजिती झाली. यंत्र माझ्या बोटाला जुमानेना!

नात मला पुस्तकं वाचायचं यंत्र घ्यायला घेऊन गेली होती. घरात आम्ही तिला चिमणी म्हणतो. आहे चांगली ताडमाड, नोकरी करणारी, पण चिमणीच. विक्रेता म्हणाला, "आजोबा, काचेवर नुसतं बोट फिरवा, पान उलटतं." फिरवलं. ढिम्म. जोरात फिरवलं. ढिम्म! एकेचाळीस वर्षं पुस्तकांची बांधणी केली. सुईने आणि सरसाने बोटांची टोकं कधीच चामडं होऊन गेलीत. काचेला वाटलं असेल, म्हातारा लाकूड घासतोय. मग सवयीने बोट जिभेला लावलं आणि फिरवलं, तर एकदम चाळीस पानं पुढे! विक्रेत्याने फडकं काढलं.

चिमणी म्हणाली, "बटणवालं आहे का हो?" होतं. एक फळीएवढं मोठं, पाच मिनिटांत मनगट भरून आलं. एक हलकं, पण त्याला बटण नाही. मधलं घेतलं. कडेला दोन बटणं, एक पुढे न्यायला, एक मागे. दाबलं की कळतं, दाबलं म्हणून.

घेतलं खरं. पण घरी येताना चोरट्यासारखं वाटत होतं. जन्मभर ज्यांच्या पाठी शिवल्या, त्यांनाच म्हातारपणी पाठ दाखवली!

५ मार्च

घ्यावं का लागलं, ते इथे लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाला सांगवत नाही.

आठ महिने झाले. ज्याच्याकडे बघावं त्याचाच मधला भाग पुसला जातो. माणसाचे कान दिसतात, नाक नाही. डोळ्यांची डॉक्टरीण म्हणाली, "काका, मधली नजर गेली ती गेली. कडेची राहील. अक्षर मोठं करा." म्हणून ही वही जाड पेनाने लिहितो, ओळीला चार शब्द. पण छापील पुस्तकाचं अक्षर कोण मोठं करणार?

आणि म्हणून दुपारी चारचं वाचन बंद पडलं. शेहेचाळीस वर्षांची वाटणी आमची – वाचणं माझं, ऐकणं हिचं. ही आमच्याच कारखान्यात घडी घालायला होती. छापलेला मोठा कागद आला की त्याची घडी घालून सोळा पानांचा फर्मा करायचा. मी ते फर्मे ओळीने शिवायचो. शाळा माझी चौथीतच सुटली, ही सहावीपर्यंत गेलेली. पण हिचे हात कायम कामात, म्हणून मी वाचायचो. शिवायला आलेले सुटे फर्मे वाचत वाचतच मी शिकलो. पुढे हात मोकळे झाले, तरी वाटणी तीच राहिली.

आता चार वाजले की ही रेडिओ लावते. तक्रार नाही. एक शब्द नाही. तेच टोचतं.

७ मार्च

चार पानं वाचली. स्वतः! एका पानावर जेमतेम वीस शब्द मावतात, पण वाचली. नंतर चष्मा पुसत बसलो. चष्म्याला काही झालं नव्हतं.

१० मार्च

आज हिच्यासाठी वाचलं. चार वाजता रेडिओकडे हिचा हात गेलाच होता. म्हटलं, "थांब."

हिने आधी यंत्र उलटंपालटं करून बघितलं. "याला पुठ्ठा नाही, शिवण नाही. नागडंच आहे हो बिचारं!" मग जुन्या चादरीचा तुकडा काढला आणि तासाभरात त्याला अंगरखा शिवला. बटणांना दोन भोकं ठेवून!

मी अडखळत वाचलं. दर तीन ओळींनी बटण. ही म्हणाली, "बैलगाडी झालीय तुमची. पण चाललीय, तेवढं पुरे." किती दिवसांनी हसली!

उठताना म्हणाली, "यात आपलं नावाड्याचं पुस्तक घालता येईल का? तेच वाचा आता."

"चिमणीला विचारतो," म्हणालो आणि यंत्र बंद केलं.

११ मार्च

आता कबुलीच देतो.

नावाड्याची ती कादंबरी आमच्याच कारखान्यात छापली गेली होती. नवीन लग्न. हिला काहीतरी द्यावं असं फार वाटे. छपाईत बिघडलेले कागद रद्दीत जायचे. मालकांना विचारलं तर म्हणाले, "ने लेका." प्रत्येक फर्म्याची एकेक बरी प्रत जमवली. सगळे मिळाले, फक्त नववा नाही. तो इतका नेटका छापला गेला की त्याचा एकही कागद वाया गेला नव्हता! पुस्तकाची पाठ बसू नये म्हणून त्या जागी सोळा कोरी पानं शिवली. वर कापडी पुठ्ठा घातला आणि हिच्या हातात दिलं.

पहिल्यांदा वाचताना आठवा फर्मा संपला. नावाडी पुरात नाव घालतो, तिथे. ही डोळे मोठे करून म्हणाली, "पुढे?" समोर कोरं पान. दहाव्या फर्म्यात नावाडी घरी चुलीपाशी बसलाय आणि दारात एक आंधळी घोडी उभी आहे. आता ही घोडी आली कुठून? तर मी दिलं ठोकून! नाव उलटली. घोडी पुरात वाहत येत होती. नावाड्याने हाकांवर हाका मारल्या, आवाजाच्या रोखाने ती आली, त्याने शेपूट धरलं आणि दोघं काठाला लागले. पान उलटल्याचा आवाजही न चुकता करायचो.

तेव्हापासून शेहेचाळीस वर्षं दरसाल तेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ही दर खेपेला ऐकते आणि पदराने डोळे पुसते.

आता यंत्रात खरा नववा फर्मा येणार. म्हणजे हिला मिळालेली पहिली भेट रद्दीतली होती, आणि तिच्या लाडक्या सोळा पानांत लेखक नव्हताच, तिचा नवरा थापा मारत होता, हे या वयात उघडं पडणार!

१५ मार्च

चिमणीने ते पुस्तक शोधून यंत्रात भरलं. वर ऐट बघा – "आजोबा, अख्खं आहे हं. एक पान गहाळ नाही!"

वाहवा.

१७ मार्च

वाचलं. खरंच वाचलं. आधीचं आम्हाला पाठच, म्हणून चिमणीकडून थेट पुराचीच जागा काढून घेतली होती. यंत्रात फर्मे कुठले, पण "नाव पाण्यात गेली" हे वाक्य आलं आणि मी थांबलो. माझं म्हणून दाखवता आलं असतं. बटण दाबत राहायचं आणि बोलत राहायचं, कुणाला कळतंय? पण खोटं सांगून आता हिच्या डोळ्यांकडे बघायचं, तर डोळे दिसतही नाहीत. म्हटलं, होऊन जाऊ दे.

खऱ्या फर्म्यात नाव उलटतच नाही! नावाडी सुखरूप पलीकडे जातो आणि काठावर बसून जग असं का आणि माणूस तसा का याचा विचार करतो. छापील चौदा पानं भरतील एवढा विचार! मग बाजारात जातो आणि घोडी विकत घेतो. एका ओळीत.

"संपलं?" ही म्हणाली.

"संपलं."

"मग शेपटाचं काय झालं?"

सांगून टाकलं. रद्दी, कोरी पानं, सगळं. मान खाली घालून. ही एकदम खुदकन हसली.

"अहो, ते रद्दी कागद घडी घालून कुणी दिले होते तुम्हाला? मीच ना? नववा नव्हता हे मला ठाऊक नसेल?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सांगायचे थांबला असता."

जरा वेळाने म्हणाली, "विकत घेतली म्हणे! छे. आपलीच खरी."

माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. देवाने मला बायको दिली का न्यायाधीश, कळत नाही. पण निकाल बरा लागला.

२१ मार्च

फळीवर हात फिरवला, तर नावाड्याचं पुस्तक जागेवर नाही. कापडी पुठ्ठा बोटाला पटकन कळतो. दोन पुस्तकांमध्ये नुसती फट.

विचारलं. ही म्हणाली, "आता यंत्र आहे ना? चिमणीने बरंच काही उचलून नेलं परवा."

रद्दीतून आलं, रद्दीत गेलं. बरोबरच आहे म्हणा. मला वाचता येत नाही, जागा अडवून काय करायचं? यंत्राचे उपकार विसरणार नाही. चारचं वाचन त्याने परत दिलं. पण आज दोनदा त्या फटीत हात गेला.

२५ मार्च

दुपारभर ही स्वयंपाकघरात. पेन्सिलीची खरखर ऐकू येते. "काय लिहितेस?" "यादी." एवढी कसली यादी? तीन दिवस झाले!

३० मार्च

पुस्तक परत फळीवर आहे!

चार वाजता यंत्र उघडलं, तर पहिल्याच जागी नवं पुस्तक – 'नववा फर्मा'. म्हटलं हे काय? चिमणीच्या आवाजात हसू मावेना. "आजीने पुस्तकातल्या त्या कोऱ्या पानांवर लिहिलंय. मी टाइप करून यात घातलं. अक्षर हवं तेवढं मोठं करा."

माझंच होतं सगळं, शब्दाला शब्द. उलटलेली नाव, हाका, शेपूट. बटण दाबत दाबत तिला वाचून दाखवलं. शेवटच्या दोन ओळी मात्र माझ्या नव्हत्या. माझी घोडी कधी बोललीच नव्हती.

"नावाडी म्हणाला, इतक्या पाण्यातून तू आलीस कशी? घोडी म्हणाली, तू बोलायचा थांबला नाहीस म्हणून."