डाव्या हाताचे गळलेले सूर

तीर्थरूप दादांस, धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला का? (आणि परवा तिकडे आलेल्या मंडळींना झोप बरी लागते ना? सहज विचारलं.)

इकडे आनंदीआनंद आहे. बहात्तराव्या वर्षी मी खरा ठरलो. माझं पियानोवादन मी इंटरनेटवर हौशी वादकांच्या गटात पाठवतो, हे तुम्ही जाणताच. (ऐकत नाही, हेही मी जाणतो.) महिन्यापूर्वी तिथल्या एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांनी जाहीर लिहिलं, की हे आजोबा कुणा नामांकित वादकाची रेकॉर्डिंगं स्वतःची म्हणून खपवतात. दादा, चोर म्हटलं, पण केवढ्या घरचा चोर. दोन दिवस रागवावं की मिरवावं, कळेना. मग गटातून काढण्याची नोटीस आली आणि मिरवणं संपलं.

तारलं ते माझ्या खोडीनं. वाजवताना नोटेशनच्या पुस्तकाची पानं मी डाव्या हातानं उलटतो, त्यामुळे प्रत्येक पानाच्या शेवटी त्या हाताचे तीन-चार सूर गळतात. (शाळेत कविता म्हणताना ओळ संपली की श्वास घ्यायला शिकवत, तसंच हे. त्या वर्गातलं खिडकीजवळचं ऊन अजून माझ्या पाठीवर आहे. पण ते असो.) मी पानांचे फोटो पाठवले आणि लिहिलं, जुळवून पाहा. डॉक्टरांनी किडके दात शोधावेत तसे अकरा रेकॉर्डिंगांतले खड्डे शोधले. एकूण एक पानाच्या टोकाला निघाले. "आजोबा, माफ करा, असं दुसरं कुणी वाजवूच शकणार नाही," असं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. ते वाक्य मी छापून पियानोवर लावलंय. विजयाच्या भरात मीही ठणकावलं, की मला कुणाचीही मदत नसते, मी एकटाच वाजवतो.

वहिनींना नमस्कार, आणि तुमच्या घरात माझ्याविषयी जो कुणी बरं बोलत असेल त्याला आशीर्वाद.

आपला,
निर्दोष मेहुणा

ता. क. बाराव्या, संथ रेकॉर्डिंगात एकही सूर गळलेला नाही, म्हणून डॉक्टर आता तेवढंच खोटं म्हणतात. त्या दिवशी पानं तुमच्या बहिणीनं उलटली होती. (माझं ते 'एकटाच' तिनं वाचलं आणि बॅग भरली.) तिच्याकडून दोन ओळींची साक्ष लिहून घ्याल का?

पुन्हा ता. क. साक्ष राहू द्या. बारावं खोटं ठरलं तरी चालेल. परवापासून मी पहिल्या पानाच्या पुढे गेलेलो नाही, एवढंच तिला सांगा.